खडकातल्या चुंबकत्वावरून धातुकाचं वय काढताना: टप्पे, क्रम आणि नेहमीच्या चुका

मॅग्नेटोमीटर, म्हणजे खडकाचं चुंबकत्व मोजणारं यंत्र, दिशा मोजतो, वय नाही. या पद्धतीने काढलेल्या वयांचे अहवाल वाचताना एक गोष्ट वारंवार दिसते. मोजमाप नीट झालेलं असतं, आलेख स्वच्छ असतात, आणि तरीही शेवटी छापलेला आकडा धातुकाचा, म्हणजे ज्यातून धातू काढतात त्या खनिजसाठ्याचा, नसतो. तो नंतर कधीतरी खडक तापल्याचा, झिजल्याचा, किंवा अख्ख्या प्रदेशातून गरम द्रव वाहून गेल्याचा असतो. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यात एकच प्रश्न डोक्यात ठेवायचा: हे चुंबकत्व धातुकाबरोबरच आलं, हे मी कशावरून म्हणतो?

तत्त्व थोडक्यात असं. काही लोहखनिजं तयार होताना किंवा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. त्या दिशेवरून त्या काळचा ध्रुव काढता येतो. खंड सरकत असल्यामुळे खंडावरून पाहता ध्रुवच भटकल्यासारखा दिसतो, आणि त्या भटकण्याच्या रेषेवर, म्हणजे ध्रुवभ्रमण मार्गावर, वेगवेगळ्या वयांच्या खुणा आधीच लावलेल्या असतात. आपला ध्रुव त्या रेषेवर कुठे बसतो ते पाहायचं.

टप्पा १: ड्रिल उचलण्याआधी तीन गोष्टी ठरवा

पहिली, चुंबकत्व कोण धरणार? गॅलेना (शिशाचं खनिज) आणि स्फॅलेराइट (जस्ताचं खनिज) यांना स्वतःचं टिकाऊ चुंबकत्व नसतं. शिसे-जस्ताच्या साठ्यात काम करायचं ते त्यांच्यात किंवा भोवतालच्या डोलोमाइटमध्ये (चुनखडकासारखा, मॅग्नेशियम असलेला खडक) विखुरलेल्या मॅग्नेटाइट आणि पिऱ्होटाइट या लोहखनिजांच्या बारीक कणांवर. मॅग्नेटाइटचं क्यूरी तापमान (ज्याच्या वर खनिज आपलं चुंबकत्व सोडून देतं) सुमारे ५८०° से., चुंबकीय पिऱ्होटाइटचं ३२०° से.; हेमॅटाइट ६७५° ते ६८०° से. पर्यंत दम धरतो, तर गोथाइट १२०° से.लाच सोडून देतो. हे आकडे पुढे प्रत्येक टप्प्यावर लागतील.

इथे नवख्यांची एक समजूत आड येते: खडक जितका जास्त चुंबकीय तितका चांगला. होतं बहुधा उलटं. शुद्ध मॅग्नेटाइटच्या भरीव धातुकात कण मोठे असतात, प्रत्येक कणात अनेक चुंबकीय क्षेत्रखंड (वेगवेगळ्या दिशेने चुंबकित झालेले भाग) असतात, आणि असे कण जुनी दिशा सहज विसरतात. मायक्रोमीटरपेक्षाही बारीक, एकाच क्षेत्रखंडाचे कण अब्जावधी वर्षं दिशा जपू शकतात. हातातल्या चुंबकाला खडक चिकटला म्हणून खूश होऊ नका.

दुसरी, खंड त्या काळात पुरेसा सरकत होता का? तुमच्या खंडाचा ध्रुवभ्रमण मार्ग समोर घ्या आणि धातुकाचं वय ज्या पट्ट्यात असावं असं वाटतं, तो पट्टा पाहा. ध्रुव दर कोटी वर्षांत ४° सरकत असेल तर ४° ची त्रुटी म्हणजे एक कोटी वर्षांची त्रुटी. तोच ध्रुव कोटी वर्षांत १° सरकत असेल तर त्याच नमुन्यांतून, तेवढ्याच मेहनतीने, चार कोटी वर्षांची त्रुटी पदरात पडेल. साधारण ७ ते ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट वर्षाला १५ सेंटिमीटर किंवा त्याहूनही वेगाने उत्तरेकडे जात होता. अशा काळातल्या खडकांना ही पद्धत फार चांगली लागू पडते. मार्ग जिथे एका जागी गोळा झालेला असतो तिथे दुसरी पद्धत शोधणं शहाणपणाचं.

तिसरी, धातुक तयार झाल्यानंतर त्या भागाचं काय झालं? प्रदेश नंतर ३५०° से. पर्यंत तापून निघाला असेल, तर पिऱ्होटाइट त्या तापण्यानंतरच्या थंड होण्याचंच वय सांगेल. हे निघण्याआधी कळलं तर बरं.

टप्पा २: स्थळं निवडणं

तीन प्रकारची स्थळं हवीत, आणि तिसरा प्रकार कधीही गाळू नका.

१. प्रत्यक्ष धातुक.
२. धातुकाभोवतीचा बदललेला पट्टा: डोलोमाइटीकरण झालेला, सिलिका शिरलेला, रंग उडालेला खडक.
३. धातुकापासून लांबचा, न बदललेला तोच यजमान खडक, म्हणजे ज्यात धातुक शिरला आहे तो.

तिसऱ्या प्रकारावर सगळा युक्तिवाद उभा असतो. लांबच्या खडकात वेगळी, जुनी दिशा मिळाली आणि धातुकाजवळ नवी, तर नवी दिशा धातुक आणणाऱ्या द्रवांशी जोडता येते. दोन्हीकडे एकच दिशा मिळाली, तर तुम्ही कदाचित साऱ्या प्रदेशाचं पुनर्चुंबकन मोजलं आहे. अमेरिकेतल्या आग्नेय मिसुरीचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथला शिशाचा यजमान डोलोमाइट कॅम्ब्रियन काळातला, पण त्यातलं चुंबकत्व त्याहून सुमारे २० कोटी वर्षांनी अलीकडचं, म्हणजे पुराजीव महाकल्पाच्या शेवटाचं. द्रव डोंगरनिर्मितीच्या काळात वाहिले असं म्हणायला हा मोठा आधार ठरला. मात्र त्याच काळात पूर्व उत्तर अमेरिकेतले कितीतरी चुनखडक पुन्हा चुंबकित झाले, जिथे धातुकाचा पत्ताही नाही. असल्या प्रदेशात तिसऱ्या प्रकारची स्थळं नसतील तर बाकीचे नमुने काढण्यात अर्थ उरत नाही.

प्रत्येक स्थळावर ६ ते ८ कोअर (ड्रिलने काढलेल्या खडकाच्या दंडगोल कांड्या), आणि शक्य तितकी जास्त स्थळं. शेवटची सरासरी स्थळांची काढायची असते, तुकड्यांची नव्हे. चार स्थळांतून साठ तुकडे कापले तरी आकडेवारीच्या दृष्टीने तुमच्याकडे चारच मोजमापं असतात.

तपासा: वेगवेगळ्या कलाचे (उताराचे) थर, ब्रेशिया (तुटलेल्या तुकड्यांचा सांधलेला खडक), धातुकाला छेदून जाणारा ज्ञात वयाचा डाइक (भेगेत शिरून थिजलेल्या शिलारसाची भिंत) यांपैकी काय उपलब्ध आहे? टप्पा ७ मधल्या कसोट्या यांच्याशिवाय होत नाहीत, आणि त्यासाठी परत यायला खाण त्याच अवस्थेत राहिलेली नसते.

टप्पा ३: कोअर काढणं आणि दिशा नोंदवणं

पाण्याने थंड होणारं, डायमंड बिट लावलेलं हातड्रिल आणि २५ मिलिमीटर व्यासाचे कोअर ही नेहमीची रीत. कोअर जागेवरच असताना त्याच्याभोवती अचुंबकीय धातूची खाचेची नळी बसवा, पितळी तारेने वरून रेघ ओढा, दिगंश (उत्तरेपासूनचा आडवा कोन) आणि उतार वाचा, आणि मगच कोअर तोडा. क्रम बदलू नका. आधी तुटलेला कोअर "असाच बसला होता" म्हणून परत बसवून वाचलेली दिशा कचऱ्यात टाकण्याच्याच लायकीची.

मॅग्नेटाइट किंवा पिऱ्होटाइटच्या साठ्यावर साधं होकायंत्र चुकतं, कधी कधी दहा-दहा अंशांनी, आणि दोन पावलांवर वेगळं चुकतं. तिथे सूर्यहोकायंत्र वापरा. त्यासाठी अक्षांश, रेखांश आणि अचूक वेळ लागते. पृथ्वी चार मिनिटांत १° फिरते, म्हणजे घड्याळ चार मिनिटं चुकलं तर साधारण तेवढीच चूक दिशेत येते. सूर्य डोक्यावर असताना तर त्याचा दिगंश झपाट्याने बदलतो, सावलीही आखूड पडते. सकाळी किंवा उतरत्या उन्हात काम करा. भूमिगत खाणीत सूर्य नसतो. तिथे सर्वेक्षणाच्या खुणांवरून दिशा आणावी लागते.

इशारा: डोंगरमाथ्यावरचे उघडे खडक टाळा. वीज पडून गेलेल्या जागी चुंबकत्व प्रचंड तीव्र आणि दिशा वाटेल तशी असते. आणि सुरुंगाने सैल झालेला ठोकळा जागेवरच आहे असं दिसत असलं तरी तो फिरलेला असू शकतो.

कंपनीच्या साठ्यातले जुने ड्रिलकोअर वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो. दोन अडचणी आहेत. त्यांची वरची बाजू माहीत असली तरी दिगंश बहुधा माहीत नसतो. शिवाय ड्रिलच्या पोलादी नळ्यांमुळे त्यांच्यावर नळीच्या अक्षाला समांतर असं चुंबकत्व चढलेलं असतं. खनिज ओळखण्यासाठी ते उत्तम. दिशेसाठी अगदी नाइलाज झाला तरच.

थरांचा कल प्रत्येक स्थळावर स्वतः मोजा, नकाशावरून उचलू नका.

टप्पा ४: कापणं आणि ठेवणं

कोअरचे २२ मिलिमीटर लांबीचे तुकडे करा. या प्रमाणामुळे तुकडा मोजमापाच्या दृष्टीने गोलासारखा वागतो. करवतीचे लोखंडी कण चिकटतात, तेव्हा तुकडे सौम्य आम्लाने धुऊन घ्या. चुनखडक असेल तर ओझरतं. बाणाची दिशा कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर उतरवा. उलटा बाण मागाहून उलट्या ध्रुवीयतेसारखा (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उलटं असतानाच्या दिशेसारखा) दिसतो आणि त्यावर लोकांनी शोधनिबंधाच्या कल्पना बांधलेल्या आहेत.

मग तुकडे चुंबकीय क्षेत्रापासून आडोसा केलेल्या पेटीत काही आठवडे ठेवा. प्रवासात आणि कपाटात चढलेलं मऊ चुंबकत्व त्यात बरंचसं उतरतं.

टप्पा ५: थर उतरवत जाणं

खडकात एकाच वेळी अनेक काळांची चुंबकत्वं एकमेकांवर बसलेली असतात. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी ती वरून एकेक काढत जायची. हेच विचुंबकन. ते दोन प्रकारे होतं: वाढत्या तापमानाने किंवा वाढत्या प्रत्यावर्ती (दिशा सतत उलटसुलट होणाऱ्या) चुंबकीय क्षेत्राने.

सगळे तुकडे एकदम भट्टीत घालू नका. प्रत्येक प्रकारच्या खडकातून दोन-तीन पथदर्शी तुकडे निवडा. एकाच कोअरचे जुळे तुकडे घेऊन एक तापवा, दुसरा प्रत्यावर्ती क्षेत्रात घाला. दोन्ही वाटांनी एकच शेवटची दिशा आली तर भरवसा वाटतो. नाही आली तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

कोणती वाट कधी:

हेमॅटाइट किंवा गोथाइट असेल तर तापमानच. प्रयोगशाळेतली नेहमीची १०० मिलिटेस्लाची प्रत्यावर्ती क्षेत्रं हेमॅटाइटला हलवूही शकत नाहीत.

सल्फाइड भरपूर असेल तर आधी प्रत्यावर्ती क्षेत्र वापरून पाहा. पायराइट आणि पिऱ्होटाइट हवेत सुमारे ४००° से.च्या पुढे तापले की त्यांचं मॅग्नेटाइट होऊ लागतं आणि भट्टीतल्या उरल्यासुरल्या क्षेत्राची दिशा घेतं. हे चुंबकत्व तुमचं, खडकाचं नव्हे.

मोठ्या कणांचं मॅग्नेटाइट असेल तर तापवण्याआधी तुकडा शून्य क्षेत्रात द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे ७७ केल्विनला, बुडवून परत सामान्य तापमानाला आणा. सुमारे १२० केल्विनला मॅग्नेटाइटची स्फटिकरचना बदलते आणि त्या फेऱ्यात मोठ्या कणांचं विसराळू चुंबकत्व बरंचसं गळून पडतं. स्वस्त आणि सोपी पायरी आहे. ती का टाळली जाते कळत नाही.

तापमानाच्या पायऱ्या सारख्या अंतराने घेऊ नका. सुरुवातीला १०० आणि १५०, मग ५०-५० च्या उड्या चालतील. पण २८० ते ३४०° से.च्या दरम्यान १० अंशांच्या, आणि ५२० ते ५८०° से.च्या दरम्यान १० ते २० अंशांच्या. घडायचं ते याच पट्ट्यांत घडतं. ३०० वरून थेट ३५० वर गेलात तर पिऱ्होटाइटची सगळी कहाणी एका उडीत निघून जाते.

तपासा: प्रत्येक तापवणीनंतर चुंबकीय ग्राह्यता (बाहेरच्या क्षेत्रात खडक किती सहज चुंबकित होतो त्याचं माप) मोजा. ती अचानक वाढली तर नवं खनिज तयार झालं आहे. त्या पायरीनंतरचे आकडे दिशेसाठी वापरू नका, आलेख कितीही सुंदर दिसो. भट्टीच्या थंड होण्याच्या कप्प्यातलं उरलेलं क्षेत्र काही नॅनोटेस्लांपेक्षा जास्त नाही ना, हेही वेळोवेळी पाहा, आणि तुकडे प्रत्येक पायरीला उलटसुलट दिशेने ठेवा.

या टप्प्याबरोबरच खनिज पक्कं ओळखायचं. तीन लंब अक्षांवर वेगवेगळ्या ताकदीचं कृत्रिम चुंबकत्व चढवून ते तापवत उतरवलं की मऊ, मध्यम आणि कठीण हिस्सा कोणत्या तापमानाला सुटतो ते कळतं. त्याला सूक्ष्मदर्शकाची जोड द्या. मॅग्नेटाइटचे कण स्फॅलेराइटच्या आत बंद आहेत, की नंतरच्या भेगेत? काचपट्टीवर घालवलेली एक दुपार कधी कधी महिन्याभराच्या मॅग्नेटोमीटरपेक्षा जास्त सांगते.

टप्पा ६: दिशा वेगळी करणं

प्रत्येक तुकड्याच्या मोजमापांचा झायडरव्हेल्ड आलेख (पायरीपायरीने उतरणाऱ्या चुंबकत्वाची दिशा आणि तीव्रता एकत्र दाखवणारा) काढा. त्यातला सरळ रेषेचा भाग म्हणजे एक घटक. रेषा बसवायला किमान चार सलग बिंदू घ्या. बिंदूंचं कमाल कोनीय विचलन (ते रेषेपासून किती विखुरले आहेत त्याचं माप) १०° च्या आत असलेलं बरं, १५° च्या वर गेलं तर सोडून द्या.

इथे तीन चुका नेहमीच्या.

रेषा बळेच आरंभबिंदूतून नेणं. तसं केलं की विचलनाचा आकडा देखणा होतो, पण आत दडलेला अधिक कठीण घटक लपतो. आधी मोकळी रेषा बसवा. ती आपणहून आरंभबिंदूकडे जाते का ते पाहा.

आजच्या क्षेत्राला जुनं समजणं. तुमच्या जागेची आजची चुंबकीय दिशा आणि अक्षीय द्विध्रुवाची दिशा (पृथ्वीच्या अक्षावर चुंबकपट्टी ठेवली असती तर मिळाली असती ती) दोन्ही काढून ठेवा. अक्षांश २०° ला द्विध्रुवाची नती (आडव्या पातळीपासून खाली झुकल्याचा कोन) सुमारे ३६°, तर ४०° ला सुमारे ५९°. कल-दुरुस्तीआधीच (थर गणिताने आडवे करण्याआधीच) तुमची दिशा यांच्याजवळ पडत असेल आणि १५०° से.च्या आत सुटत असेल, तर ती बहुधा हल्लीच्या गंजाची आहे.

कोनांची अंकगणिती सरासरी. ३५०° आणि १०° यांची सरासरी १८०° येत नाही, शून्य येते. दिशांची सरासरी सदिशांनीच, फिशरच्या १९५३ सालच्या पद्धतीने काढायची. त्यातून आल्फा-९५, म्हणजे ९५ टक्के खात्रीच्या शंकूचा कोन, आणि के, म्हणजे दिशा किती एकवटल्या आहेत त्याचं माप, मिळतं.

के खूप मोठा आला की लोक खूश होतात. जरा थांबा. पृथ्वीचं क्षेत्र शेकडो-हजारो वर्षांत डोलत असतं आणि ते डोलणं सरासरीत विरून जायला हजारो ते दहा हजार वर्षं लागतात. सगळ्या स्थळांच्या दिशा जवळपास एकच आल्या तर कदाचित तुम्ही डोलण्यातला एकच क्षण पकडला आहे. तो ध्रुव मार्गावर ठेवण्याजोगा नव्हे.

टप्पा ७: कसोट्या

आकडा धातुकाचा की दुसऱ्या कशाचा, हे ठरतं ते इथे.

वळीची कसोटी: थर आडवे करून पाहिल्यावर दिशा एकवटल्या तर चुंबकत्व वळ्या पडण्याआधीचं, विखुरल्या तर नंतरचं. अर्धे आडवे केल्यावर सगळ्यांत जास्त एकवटल्या तर वळ्या पडत असतानाचं, निदान तशी शक्यता. थरांचे कल सगळीकडे ३-४° असतील तर ही कसोटी काहीच सांगत नाही. कसोटी "नापास" झाली असं मग लिहू नका. ती झालीच नाही.

ब्रेशियाची कसोटी: तुटलेल्या खडकाचे तुकडे धातुकाने सांधलेले असतील तर प्रत्येक तुकड्यातून कोअर घ्या. तुकड्यांच्या दिशा विस्कळीत असतील तर त्यांचं चुंबकत्व तुटण्याआधीचं, म्हणजे धातुकाआधीचं. सगळ्या तुकड्यांत आणि सांध्यातही एकच दिशा असेल तर ते सांधण्याच्या वेळचं किंवा नंतरचं. धातुकसाठ्यात मला सर्वांत भरवशाची वाटते ती हीच.

डाइकची कसोटी: ज्ञात वयाच्या डाइकने भाजलेल्या धातुकात डाइकची दिशा आणि लांबच्या धातुकात वेगळी, स्थिर दिशा मिळाली, तर लांबची दिशा डाइकपेक्षा जुनी. वयाला खालची मर्यादा मिळाली.

उलट ध्रुवीयतेची कसोटी: दोन्ही ध्रुवीयता असतील तर त्यांच्या सरासऱ्या १८०° वर येतात का ते पाहा. एकच ध्रुवीयता मिळणं हीसुद्धा माहिती आहे. सुमारे ३१.५ ते २६.५ कोटी वर्षांपूर्वी क्षेत्र जवळजवळ सतत उलटं होतं, आणि सुमारे १२ ते ८.३ कोटी वर्षांपूर्वी सतत आजच्यासारखं. तुमचा ध्रुव पहिल्या पट्ट्यात पडतो आणि ध्रुवीयता मात्र मिश्र आहे, तर काहीतरी गडबड आहे.

तापमानाचा हिशोबही याच वेळी मांडा. शिसे-जस्त आणणारे द्रव बहुधा १०० ते १५०° से.च्या आसपासचे असतात. स्फटिकांत अडकून राहिलेल्या द्रवाच्या सूक्ष्म थेंबांवरून तुमच्याकडे तसा आकडा असेल आणि चुंबकत्व प्रयोगशाळेत ५००° से.च्या वर सुटत असेल, तर ते निव्वळ गरम होण्याने चढलेलं नाही. ते कण त्या वेळी वाढले असले पाहिजेत, म्हणजे चुंबकत्व रासायनिक आहे. धातुकाशी नातं जोडायला हा मजबूत दुवा ठरतो.

इशारा: पिऱ्होटाइटचं चुंबकत्व त्याच्या स्फटिकाच्या एका प्रतलातच राहतं. पट्टेदार, दाबलेल्या धातुकात सगळे स्फटिक एका बाजूने आडवे झालेले असतील तर मोजलेली दिशा क्षेत्राची नसून पट्ट्यांची असते. चुंबकीय विषमदिशता (खडक वेगवेगळ्या दिशांनी किती कमीजास्त चुंबकित होतो ते) मोजल्याशिवाय असा धातुक वापरू नका.

टप्पा ८: ध्रुव आणि वय

नतीवरून पुराअक्षांश (त्या काळचा अक्षांश): टॅन (नती) = २ × टॅन (अक्षांश). नती ४९° म्हणजे अक्षांश सुमारे ३०°. नती ६०° म्हणजे सुमारे ४१°. दिक्पात (दिशेचा खऱ्या उत्तरेपासूनचा आडवा कोन) आणि हा अक्षांश मिळून ध्रुवाची जागा ठरते. प्रत्येक स्थळाचा ध्रुव वेगळा काढा आणि मग ध्रुवांची सरासरी घ्या.

कल-दुरुस्ती करायची की नाही, हे वळीच्या कसोटीने ठरवा, सवयीने नव्हे. थर कलल्यानंतर आलेल्या धातुकाची दिशा "दुरुस्त" केली की ध्रुव थेट चुकीच्या काळात जाऊन बसतो, आणि या विषयातली ही बहुधा सर्वांत महागडी चूक आहे. तसंच, गाळ दबल्यामुळे नती कमी होण्याची दुरुस्ती गाळाच्या खडकांसाठी असते. रासायनिक वाढीतून आलेल्या चुंबकत्वाला ती लावू नका.

आता ध्रुव मार्गावर ठेवा. समजा तुमची त्रुटी ४°, मार्गाची त्या ठिकाणची स्वतःची त्रुटी ३°. एकत्रित त्रुटी ५° (वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ). मार्ग कोटी वर्षांत ४° सरकत असेल तर वयाची त्रुटी ±१.२५ कोटी वर्षं. मार्गाची त्रुटी न धरता ±१ कोटी लिहिणं सर्रास चालतं, पण ते बरोबर नाही.

ध्रुव मार्गापासून एकत्रित त्रुटीपेक्षा लांब पडला तर सर्वांत जवळचा बिंदू शोधून वय लिहू नका. आधी स्थानिक फिरणं तपासा: विभंगांच्या पट्ट्यातला ठोकळा उभ्या अक्षाभोवती फिरला असेल तर दिक्पात बिघडतो, नती शाबूत राहते. अशा वेळी नुसत्या नतीवरून वयाच्या मर्यादा घालता येतात. आणि कोणता मार्ग वापरला, तो कोणत्या वर्षी प्रसिद्ध झालेला, हे लिहाच. मार्ग सुधारले जातात आणि तुमच्या ध्रुवाला हात न लावताही वय बदलतं.

मार्ग स्वतःला छेदत असेल तर एका ध्रुवाला दोन वयं मिळतात. दोन्ही लिहा. मग निवड करायला बाहेरचा पुरावा, म्हणजे किरणोत्सर्गी समस्थानिकांवरून काढलेलं वय, आणा: मॉलिब्डेनाइट किंवा पायराइटवरचं रेनियम-ऑस्मियम, स्फॅलेराइटवरचं रुबिडियम-स्ट्रॉन्शियम, शिरांमधल्या कॅल्साइटवरचं युरेनियम-शिसे. समस्थानिकांचं वय आणि चुंबकीय वय जुळलं नाही तर लगेच एकाला खोटं ठरवू नका. धातुक एकापेक्षा जास्त वेळा आलेला असू शकतो, आणि दोन्ही पद्धतींनी वेगवेगळी खेप मोजलेली असू शकते. टप्पा ५ मधल्या काचपट्ट्या पुन्हा काढा आणि ज्या खनिजाचं वय मोजलं ते आणि चुंबकत्व धरणारा कण एकाच पिढीचे आहेत का, ते आधी पाहा.